आधी पाणी, मग मासा

ॲक्वापोनिक्सच्या मांडणीत डोळ्यांना दोनच गोष्टी दिसतात, टाकीतले मासे आणि वरच्या वाफ्यातली भाजी. त्यामुळे हा सगळा व्यवहार त्या दोघांमधलाच आहे असा समज सहज होतो. मासे पाण्यात मलमूत्र सोडतात, झाडे ते शोषून घेतात, पाणी स्वच्छ होऊन पुन्हा टाकीत येते. आकृतीत दोन बाण काढले की विषय संपतो. पण माशाने कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया पालकाच्या मुळांपर्यंत पोचतो तो बहुतांशी नायट्रेट होऊन, आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू त्या आकृतीत सहसा नसतात. नवशिक्याच्या टाकीतही ते नसतात. टाकी, पंप, खडी, रोपे आणि माशांची पिशवी एकाच दिवशी घरी येते, संध्याकाळपर्यंत पाणी फिरायला लागते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकू लागतात. मग दोष माशांच्या जातीला, दुकानदाराला किंवा उन्हाला दिला जातो. माझे म्हणणे असे आहे की खरेदीचा क्रमच चुकलेला असतो. घरी ॲक्वापोनिक्सची सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी आणि मासा सगळ्यांत शेवटी यायला हवा. पाणी तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तो काळ वाया गेला असे मानणारा माणूस पुढे प्रत्येक टप्प्यावर घाई करतो.

हे पाणी तयार होणे म्हणजे काय, ते समजून घ्यायला १८७७ सालच्या पॅरिसमधला एक प्रयोग फार उपयोगी आहे. अमोनियाचे नायट्रेट कसे होते, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. हवेतला ऑक्सिजन आणि सच्छिद्र माती यांच्या संयोगाने आपोआप घडणारी ती रासायनिक क्रिया आहे, असे अनेक रसायनशास्त्रज्ञ मानत. तेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युंत्झ या दोघांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून हळूहळू शहराचे सांडपाणी सोडले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा वर घातला तसाच खाली आला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले, ते वाढत गेले आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवस ज्याअर्थी लागले, त्याअर्थी तिथे काहीतरी जन्माला येऊन वाढत होते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही ते सुरू झाले नाही. सुपीक मातीचे थोडे धुवण घातले, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे दाखवून दिले की हे काम दोन टप्प्यांत होते, आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले आणि ते अमोनियाच्या ज्वलनावर जगून कार्बन डायऑक्साइडमधून आपले शरीर बांधतात, हे सिद्ध केले. घरच्या गॅलरीतला खडीचा वाफा म्हणजे मुळात श्लोसिंग आणि म्युंत्झ यांची नळीच आहे. त्या नळीने जो वेळ घेतला तो आपल्या वाफ्यानेही घेतला, तर त्यात बिघाड शोधण्याचे कारण नाही.

हा वेळ कशामुळे लागतो? अन्न कुजवणारे साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी पंधरा-वीस तास किंवा त्याहूनही अधिक लागतात, कारण त्यांना मिळणारी ऊर्जा अगदी तुटपुंजी असते. शिवाय ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खडीच्या खरबरीत पृष्ठभागाला चिकटून थर करतात. म्हणून टाकीतले पाणी बदलले तरी चालते, पण वाफ्यातली खडी क्लोरीनच्या नळाखाली धरून चकचकीत धुतली तर महिन्याची कमाई जाते. त्यांना माशाशिवाय वाढवायचे तर खायला अमोनिया द्यावा लागतो, आणि तो मिळवणे मुळीच अवघड नाही. कल्हईवाले भांड्याला कल्हई करताना जो नवसागर टाकतात तो अमोनियम क्लोराइडच आहे. मात्र त्यात इतर धातूंची भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. दोनशे लिटर पाण्यात दीड ग्रॅम टाकला की नायट्रोजनच्या हिशेबाने लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. जिवाणूंच्या जेवणाला तेवढे पुरे. मग थेंबांच्या चाचणीने एक दिवसाआड तीन आकडे पाहायचे. पहिले काही दिवस अमोनिया हलत नाही. नंतर तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट उरते. दिलेला अमोनिया चोवीस तासांत संपू लागला आणि नायट्राइट शून्यावर टिकले की पाणी तयार झाले असे समजावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाकडे जुने, निरोगी मत्स्यालय असेल तर त्याच्या गाळणीतली ओंजळभर खडी आणून वाफ्यात मिसळावी. दुधाला विरजण लावावे तसेच हे आहे, आणि श्लोसिंग-म्युंत्झ यांच्या मातीच्या धुवणानेही हेच केले होते.

इथे पहिला आक्षेप येतो. हे जिवाणू बाटलीत विकत मिळतात, मग महिनाभर थांबायचे कशाला? बाटली निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. मत्स्यालयात नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असे शास्त्राची पुस्तके कित्येक दशके सांगत होती. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा या वेगळ्याच कुळातले जिवाणू करतात. याच कुळातला एक जिवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटा पार पाडतो, हे तर २०१५ पर्यंत कोणाला माहीतच नव्हते. तो शोधणाऱ्या दोन गटांपैकी नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या गटाला तो फिरत्या पाण्याच्या मत्स्यपालनाच्या गाळणीतच सापडला. ज्यांची ओळख शास्त्राला इतक्या सावकाश पटली, ते जिवंत अवस्थेत, योग्य जातीचे, दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उन्हात राहिलेल्या बाटलीत असतीलच, अशी खात्री कोण देणार? बाटली वापरायची तर वापरावी, पण मासे आणण्याचा निर्णय बाटलीवरच्या मजकुराने करू नये, चाचणीच्या आकड्यांनी करावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक अनुभवी मत्स्यपालक म्हणतात की चार काटक मासे सोडून सुरुवात करा, खाद्य कमी द्या, अधूनमधून पाणी बदला, जिवाणू आपोआप येतील. हे घडते, यात शंका नाही, आणि जाणत्या हातांना ते जमतेही. पण नवशिक्याच्या बाबतीत हिशेब मांडून पाहू. माशांना दिलेल्या खाद्याच्या वजनाच्या सुमारे तीन टक्के इतका नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो, असे या क्षेत्रात ढोबळमानाने धरतात. दोनशे लिटरच्या टाकीत रोज वीस ग्रॅम खाद्य म्हणजे सहाशे मिलिग्रॅम अमोनिया, म्हणजेच लिटरमागे दिवसाला तीन मिलिग्रॅम. आता यातला विषारी भाग किती, ते पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी तीस अंशांवर असताना पीएच सात असेल तर एक टक्क्याहून कमी अमोनिया मुक्त, म्हणजे खरा विषारी असतो. पीएच आठ झाला की तोच भाग साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. तीन मिलिग्रॅमचे साडेसात टक्के म्हणजे ०.२२ मिलिग्रॅम, आणि माशाच्या कल्ल्यांना इजा ०.०५ च्या पुढेच सुरू होते. एका दिवसात मर्यादेच्या चौपट पातळी गाठली जाते, तीही पाणी काचेसारखे नितळ दिसत असताना. त्यातून मासा वाचला तर पुढे नायट्राइट येते. ते त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, आणि रक्त तपकिरी होऊन मासा पाण्यात असूनही गुदमरतो. काटक मासा मरत नाही म्हणजे त्याला त्रास होत नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. जे काम दीड ग्रॅम नवसागर करू शकतो, त्यासाठी जिवंत प्राण्याला वेठीला धरण्याचे समर्थन मला सापडत नाही.

वर पीएचचा उल्लेख आला, आणि इथे महाराष्ट्रातल्या पाण्याचा फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण परदेशी पुस्तकातले सल्ले जसेच्या तसे उचलले की इथेच फसगत होते. देशावरच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि आठच्या आसपास पीएच असलेले. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचे पाणी हलके, किंचित आम्ल, क्षार कमी असलेले. जिवाणू अमोनिया खाताना पाण्यात आम्ल सोडतात. एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सात ग्रॅम चुनखडीइतकी आम्ल जिरवण्याची ताकद पाण्यातून खर्च होते. श्लोसिंग आणि म्युंत्झ यांच्या नळीत वाळूबरोबर चुनखडी होती, ती याच कामी आली. म्हणून पुणे, नगर, संभाजीनगरकडच्या माणसाने पीएच खाली आणायला आम्ल ओतण्याची घाई करू नये. तो आठवडागणिक स्वतःच उतरतो, फक्त भर घालताना बोअरच्या पाण्यात साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे. उलट रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात पीएच एकाएकी सहाच्या खाली घसरून जिवाणूंचे काम ठप्प होण्याचा धोका असतो. तिथे तिसऱ्यांची धुऊन वाळवलेली टरफले जाळीच्या पिशवीत घालून टाकीत लटकवली की ती गरजेप्रमाणे हळूहळू विरघळत राहतात. मासे, जिवाणू आणि झाडे या तिघांना वेगवेगळा पीएच आवडतो. पावणेसात ते सातच्या दरम्यान तिघांचेही निभते. खडीबद्दल मात्र आपण नशीबवान आहोत. काळ्या दगडाची वीस एमएमची खडी सगळीकडे मिळते आणि ती पाण्याचा पीएच बदलत नाही. दुसरा कुठला दगड असेल तर त्यावर लिंबू पिळून पाहावे. फसफसला तर त्यात चुना आहे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवस-दोन दिवस उघडे ठेवावे.

जागेचा प्रश्न मी थोडक्यात पण गंभीरपणे मांडतो, कारण इथे माशांचाच काय, माणसांचाही जीव गुंतलेला असतो. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो तिचा वापराचा भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो धरतात. हजार लिटरची चौकोनी टाकी सव्वा चौरस मीटरपेक्षा कमी जागेत एक टन वजन टाकते. फूटभर खोल खडीचा एक चौरस मीटरचा वाफा कोरडा असतानाच साडेचारशे किलोंच्या वर जातो. इंटरनेटवरच्या चित्रांत या टाक्या हिरवळीवर, जमिनीवर ठेवलेल्या असतात, हे विसरून त्या चौथ्या मजल्यावर चढवल्या जातात. शंभर-दोनशे लिटरच्या पुढे जायचे असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे, आणि शक्य असेल तर तळमजल्याचे अंगणच निवडावे. दुसरी बाब विजेची. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा मासे आणि जिवाणू दोघांची भूक वाढलेली असते, तेव्हाच पाण्यातला श्वास कमी होतो, आणि वीज जाण्याचे दिवसही तेच. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन मानू नये. टाकीवर सावलीही हवीच.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप. एवढे करून हाती येते काय? कुंडीत माती घालून पालक पेरला तर हे जिवाणू त्या मातीत आधीपासूनच असतात. चाचण्या, पंप काहीच लागत नाही. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, आणि पुरावाही त्याच्याच बाजूने बोलतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्हिड लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या ॲक्वापोनिक्स प्रकल्पाच्या दोन वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. एक किलो भाजीमागे १०४ लिटर पाणी, अर्धा किलो माशांचे खाद्य आणि ५६ युनिट वीज लागली. एक किलो मासळीमागे २९२ लिटर पाणी, १.३ किलो खाद्य आणि १५९ युनिट. त्याच संशोधकांनी व्यावसायिक ॲक्वापोनिक्स करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा मागच्या बारा महिन्यांत नफ्यात असलेले एक तृतीयांशाहूनही कमी निघाले. बाल्टिमोरच्या थंडीत पाणी आणि हवा तापवण्यावर वीज जाते, आपल्याकडे तो खर्च नाही, हे खरे. वीस वॉटचा पाणीपंप आणि पाच वॉटचा एअर पंप अहोरात्र चालवला तर महिन्याला अठरा युनिट होतात. तरीही बाजारातल्या जुडीशी किमतीत स्पर्धा करणारी ही भाजी नाही, आणि तसे सांगून टाक्या विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ही मांडणी स्वयंपूर्णही नाही. खाद्य बाहेरून येते, त्यात लोह इतके कमी असते की काही महिन्यांत कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि चिलेटेड लोह वरून घालावे लागते. पोटॅशियम आणि कॅल्शियमचीही ओढ असते. कीड पडली तर औषध फवारता येत नाही. कडुनिंबाचा अर्कसुद्धा माशांना निरुपद्रवी नाही.

एवढे कबूल करूनही मी या उद्योगाच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण पाणी आधी तयार करण्याच्या माझ्या आग्रहाशी जोडलेले आहे. स्वस्त भाजी हे उद्दिष्ट धरले की प्रत्येक आठवडा तोट्याचा वाटतो, मासे पहिल्याच दिवशी येतात, खाद्य जास्त पडते आणि पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. ज्या घराला माती नाही, पाणी टँकरने येते आणि तरीही काही वाढवायची इच्छा आहे, तिथे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून ताजा पुदिना, पालक, अंबाडी, कोथिंबीर मिळणे हा खरा लाभ आहे. त्याहून मोठा लाभ शिकण्याचा. आपण सिंकमध्ये, संडासात, नाल्यात जे सोडतो त्याचे पुढे काय होते, हे शहरातल्या माणसाला कधी दिसत नाही. मैलापाण्याच्या शुद्धीकरण केंद्रातही अमोनियावर हेच जिवाणू काम करतात, आणि ते काम किती सावकाश होते, त्याला किती ऑक्सिजन लागतो, कशाने ते बंद पडते, हे सगळे चाचणीचे तीन आकडे सहा आठवडे स्वतः नोंदवलेल्या मुलाला पाठ करावे लागत नाही. मासे नसतानाचा तो काळ आणखी एका कारणाने मौल्यवान आहे. रोज टाकीकडे लक्ष द्यायला आपल्याला जमते की नाही, पंप बंद पडल्याचे आपल्या ध्यानात येते की नाही, सुट्टीत गावाला गेल्यावर कोणाला सांगून जाता येते की नाही, हे याच काळात कळते. जमत नाही असे ठरले तर टाकी रिकामी करून ठेवता येते, आणि कोणाचाही जीव जात नाही.

पाणी तयार झाल्यावर मासे निवडताना खाणार की नुसते पाळणार, हे आधी ठरवावे. शाकाहारी घरातही काहीच अडत नाही. गोल्डफिश किंवा कोई यांच्या मलमूत्रावर पालक तितकाच पोसतो. खाण्यासाठी रोहू-कटला घरच्या पिंपात वाढवू नयेत, त्यांना तळ्याची जागा लागते. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, दाटीत टिकते आणि लवकर वाढते, पण तिच्या पालनाला परवानगीचे नियम आहेत. मत्स्यव्यवसाय विभागात विचारूनच बीज घ्यावे. आफ्रिकन मांगूर कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, त्याच्या पालनावर बंदी आहे. टाकीत मासे किती, यापेक्षा रोज खाद्य किती, यावर वाफ्याचा आकार ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेत पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य सांगितले आहे. म्हणजे वीस ग्रॅम खाद्यावर अर्ध्या चौरस मीटरपेक्षा अधिक वाफ्याची अपेक्षा ठेवू नये. सुरुवात त्याच्याही निम्म्याने करावी आणि टोमॅटो-मिरचीचा मोह पहिले सहा महिने टाळावा. डासांसाठी खडीचा वरचा इंचभर थर कोरडा राहील इतकीच पाण्याची पातळी ठेवावी, आणि कबुतरांपासून वाफ्याला जाळी लावावी.

कधीतरी हे बंद करावे असे वाटेल, घर बदलेल, किंवा मासे टाकीला मोठे होतील. तेव्हा दया म्हणून त्यांना नदीत, तळ्यात किंवा धरणात सोडू नका. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. उजनीच्या जाळ्यांत भरभरून येणारी चिलापी मूळची इथली नाही. मत्स्यालय चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाला मासे द्या, दुकानदाराने परत घेतले तर त्याला द्या, खाण्याजोगे असतील तर खा. टाकीतले उरलेले पाणीही ओढ्यात ओतू नका, झाडांना घाला.